बागेत परतायचंय? आधी हिंजवडी गाठा

निफाड-दिंडोरीकडे तुमच्या वडिलांची पाच एकर द्राक्षबाग असेल आणि पुढेमागे ती तुम्हालाच बघायची असेल, तर सध्या तिच्याकडे फिरकू नका. घरी राहिलेल्या पोराला अनुभव मिळत नाही. अनुभव बाहेर असतो. त्यातही तो हिंजवडीत असतो, आणि त्याच्यापर्यंत पोचायला रोज दीड तास ट्रॅफिकमध्ये बसावं लागतं.

धाकट्या भावाला मात्र घरीच राहू द्या. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळ्यात काडी पिकवणं, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डोळे फुटायला पेस्ट लावणं, विरळणी, मणी फुगवणाऱ्या जीएच्या द्रावणात घड बुडवणं, असली किरकोळ कामं तो बघेल. दहा हंगाम हे केलं की त्याची ओळख करून देताना म्हणायचं, ‘हा घरीच असतो.’ तुम्ही सात वर्षं एसीत बसून परदेशातल्या कुठल्याशा विमा कंपनीच्या तक्रारी मिटवल्यात, तेव्हा अनुभवी तुम्हीच.

नोकरीचा खरा उपयोग लग्नात होतो. मुलीकडच्यांना शेती हवी असते, शेतकरी नको असतो. सातबारा ते आवडीने वाचतात, पण त्यावर नाव असलेला माणूस पुण्यात पगारावर असावा लागतो. म्हणून अक्षता पडेपर्यंत राजीनाम्याचा विषयसुद्धा काढू नका. (धाकट्याचं लग्न? बघू पुढच्या वर्षी. गेल्या वर्षीही असंच ठरलं होतं.)

शिवाय नोकरीत शिकायला पुष्कळ मिळतं. एक तारखेला पैसे जमा होतात, ही सवय एकदा लागली की बाग करायला माणूस अगदी तयार होतो. बागेचे पैसे वर्षातून एकदा येतात, तेही माल उचलून गेलेला व्यापारी फोन उचलत राहिला तर. चूक झाली की सगळ्यांना कॉपी ठेवून मेल कसा टाकायचा, हेही तुम्ही शिकता. बाग फुलोऱ्यात असताना पाऊस झाला, तर उघडीप मिळताच रात्री अकरालाही ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडावा लागतो. सकाळची वाट बघाल तोवर डाऊनीची बुरशी घडात शिरलेली असते, आणि तिला मेल पोचत नाही. पण ही वेळ ऑफिसच्या वेळेत बसत नाही. भाऊ आहेच.

काही विचित्र लोक वेगळंच सुचवतात. म्हणे दोन हंगाम एखाद्या निर्यातदाराच्या पॅकहाऊसमध्ये काम करा, मण्याची साखर मोजा, रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या औषधांच्या अंशांचा, अहवाल वाचायला शिका, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात चार चकरा मारा. २०१० साली वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश निघाले म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली. बाटलीवर नुसतं ‘लिहोसिन’ हे त्याचं बाजारातलं नाव वाचणाऱ्यांना ते लांबलचक नाव तेव्हा पाठ झालं. असलं काही शिकून येऊ नका. बागायतदाराचं पोरगं दुसऱ्याच्या शेडमध्ये खोकी भरतंय, हे गावाला दिसलं तर काय राहिलं? आधी अपमान, आणि वर त्याचा उपयोगही व्हायचा.

शेवटी एका ऑक्टोबरात तुम्ही परत या. पहिल्याच संध्याकाळी ओट्यावर बसून वडिलांना सांगा, “नाना, आपल्याकडे प्रोसेसच नाही.” नाना सुपारी कातरत म्हणतील, “बरं.” याला संमती समजा. सुरगाणा-पेठेकडून छाटणीला आलेली टोळी एकरावर उक्तं काम घेते, हिशेब मुकादमाच्या डोक्यात असतो. हे फारच मागासलेलं आहे. प्रत्येकाला हजेरीचं ॲप टाकायला लावा, सकाळी दहा मिनिटं उभ्याने मीटिंग घ्या, कालच्या अडचणी विचारा.

दुसऱ्या दिवशी टोळी शेजारच्या बागेत दिसेल. घाबरू नका. भाऊ तोवर मोटारसायकलवर मुकादमाकडे गेलेला असेल, चहा पाजून, आधी दिलेल्या उचलीची आठवण करून, हातापाया पडून त्यांना घेऊन येईल. तेवढा वेळ तुमच्या हाताशी मोकळा आहे. नवी टोपी घाला, वेलीखाली उभे राहा आणि ‘पॅकेज सोडून मातीकडे’ असं लिहून फोटो टाका. फक्त छाटलेली ओळ कोणती आणि राहिलेली कोणती, ते टाकायच्या आधी भावाला विचारून घ्या.