नाताळ माझाही आहे, पण वर्गात फक्त लंडनचा चालतो

आज राग बाहेर काढायलाच बसलेय, लांबलचक होणार, आधीच सांगते.

मी नगरची. कागदावर आता अहिल्यानगर झालंय पण घरी सगळे नगरच म्हणतात. पुण्यात फ्रेंचमध्ये एमए केलं आणि ऑक्टोबर 2024 ला फ्रान्समध्ये इंग्लिश असिस्टंट म्हणून आले. 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल करार, आठवड्याला 12 तास, महिन्याला हातात साधारण 800 युरो. क्लेर्मों-फेराँपासून बसने तासभर पुढे एक छोटं गाव आहे, तिथे एक माध्यमिक आणि एक प्राथमिक अशा दोन शाळा माझ्याकडे. आणि मी ख्रिश्चन आहे. हे मुद्दाम सांगतेय कारण सगळा राग तिथूनच सुरू होतो.

आमच्या घरात चार पिढ्यांपासून नाताळ आहे. 1 डिसेंबरपासून आई करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, अनारसे करायला घेते, दिवाळीत शेजारच्यांकडून फराळाचं ताट आलेलं असतं त्याची परतफेड आम्ही नाताळात करतो. गच्चीवर चांदणी लागते, बाबा दरवर्षी बांबूच्या काड्या आणि जिलेटिन पेपर आणून घरीच करतात, विकतची त्यांना चालत नाही. रात्री घरोघरी गाणी म्हणत फिरायचं, पेटी, टाळ, मृदंग सगळं सोबत. ना. वा. टिळकांची भजनं आमच्याकडे आजीपासून सगळ्यांना पाठ आहेत. तर नाताळ म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज नाहीये.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये इंग्लिशच्या मॅडम आल्या, हातात फाईल, म्हणाल्या आता तीन आठवडे तू नाताळ घे सगळ्या वर्गांना, मुलांना खूप आवडतं. मला इतका आनंद झाला ना, खरं सांगते, मी त्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून फोटो काढून ठेवले, चांदणीचे, करंज्यांचे, आमच्या ह्यूम मेमोरियल चर्चचे, भावाने मृदंग वाजवतानाचा व्हिडिओ. मुलांना करंजी शब्द शिकवायचा, चांदणी कशी बांधतात ते इंग्लिशमध्ये पायरी पायरीने सांगायचं, आधी काड्या जोडा, मग कागद चिकटवा, म्हणजे त्यातून आज्ञार्थही शिकवून होतो. चांगला धडा होता तो. अजूनही म्हणते, चांगला होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ते बघितलं आणि म्हणाल्या, छान आहे, पण आपल्याला इंग्लिश नाताळ हवाय. आणि फाईल हातात दिली. त्यात काय, तर फटाक्यासारखे ओढायचे ते क्रॅकर्स, त्यातल्या कागदी टोप्या, मिन्स पाय नावाची सुक्या मेव्याची गोड पेस्ट्री, भेटवस्तू ठेवायचे मोजे, 26 डिसेंबरचा बॉक्सिंग डे, आणि राजाचं नाताळचं भाषण. अहो मी मिन्स पाय आयुष्यात खाल्लेला नाही! मी इंग्लंडला कधी गेलेली नाही! क्रॅकर 1840 च्या दशकात लंडनच्या एका मिठाईवाल्याने काढला हे मला इंटरनेटवर वाचून पाठ करावं लागलं, आणि राजघराण्याचं भाषण 1932 पासून रेडिओवर सुरू झालं हेही. एका मराठी मुलीने फ्रेंच मुलांसमोर उभं राहून ब्रिटनच्या राजाचं भाषण प्रेमाने समजावून सांगायचं, आणि स्वतःच्या घराबद्दल गप्प बसायचं. मला हे सांगताना त्यांना काहीच वाटलं नाही, याचाच जास्त राग येतो.

मग मी विचारलं, ठीक आहे, दोन्ही घेऊ का? अर्धा तास हे, अर्धा तास माझं? तर आवाज खाली करून म्हणाल्या, तुझ्या फोटोत चर्च आहे ना, इथे शाळेत लाइसिते आहे, धर्माचं नको.

आता हे लाइसिते प्रकरण, म्हणजे सरकार आणि सरकारी शाळा धर्मापासून वेगळ्या ठेवायचं इथलं तत्त्व. मी एमएला यावर पेपर लिहिलाय हो. 1905 चा कायदा चर्च आणि सरकार वेगळं करतो. 2004 चा कायदा सरकारी शाळेत विद्यार्थ्यांनी उठून दिसतील अशी धर्मचिन्हं घालू नयेत असं म्हणतो. यात कुठे लिहिलंय की वर्गात चर्चचा फोटोही दाखवायचा नाही? उलट 2002 मध्ये रेजिस दब्रे या विचारवंतांनी सरकारला अहवाल दिला की शाळेत धर्मांबद्दल माहिती म्हणून शिकवलंच पाहिजे, नाहीतर मुलांना स्वतःच्या देशातली चित्रं, इमारती कळणार नाहीत. प्रचार करायचा नाही, माहिती द्यायची, एवढा साधा फरक आहे. मी काय वर्गात प्रार्थना म्हणायला लावणार होते का? लोक माझ्या घरी सण कसा करतात एवढंच सांगणार होते. पण मॅडमना पालकांची तक्रार येईल ही भीती, आणि त्या भीतीला त्यांनी कायद्याचं नाव दिलं.

आणि हे बोलणं झालं कधी, तर त्याच आठवड्यांत सगळा फ्रान्स टीव्हीसमोर बसून पॅरिसचं नोत्र-दाम कॅथेड्रल उघडताना बघत होता. 7 डिसेंबर 2024. एप्रिल 2019 ला आग लागली होती, पाच वर्षांनी उघडलं, जगभरचे नेते आलेले, राष्ट्राध्यक्ष मॅक्रों यांनी हवा खराब म्हणून भाषण बाहेर न करता थेट कॅथेड्रलच्या आत उभं राहून केलं. सोमवारी स्टाफरूममध्ये सगळे त्याच विषयावर, छत किती सुंदर झालंय, घंटा कशा वाजल्या, एकीच्या डोळ्यात पाणी होतं. मलाही आलं होतं पाणी, खोटं कशाला बोलू. पण मग माझ्या नगरच्या चर्चचा एक फोटो का चालत नाही? या देशात वर्षाला 11 सरकारी सुट्ट्या, त्यातल्या 6 चर्चच्या कॅलेंडरमधल्या. शाळेच्या सुट्टीचं नावच नाताळची सुट्टी. सांताला लिहिलेल्या पत्रांना 1962 पासून पोस्टखातं उत्तरं देतं, त्यासाठी लिबूर्न गावात वेगळं ऑफिस आहे. शाळेच्या दारात झाड, कँटीनमध्ये नाताळचं जेवण, ओंडक्याच्या आकाराचा ब्यूशचा केक. म्हणजे सण तुमचा असला की ती परंपरा, आणि माझा असला की तो धर्म. हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

बरं, घेतला मी तो लंडनचा नाताळ. आठवड्याला 12 तास, तीन आठवडे, 36 तास. तीच शब्दांची चौकट, तेच गाळलेल्या जागा भरायचं गाणं, 36 वेळा. पहिल्या आठवड्यातच घसा बसला. डिसेंबर म्हणजे इथे पहिल्या सत्राचे निकाल, कॉन्सेय द क्लास म्हणून त्या शिक्षकांच्या बैठका, सगळ्यांना मार्क भरायचे असतात, त्यामुळे मुलं माझ्याकडे पाठवून द्यायची आणि स्वतः मागे बसून मुलांचे पेपर तपासायचे हे रोजचं. अर्धा वर्ग घेणं माझं काम, पूर्ण वर्ग एकटीने सांभाळणं माझं काम नाही, पण डिसेंबरमध्ये हे कोणी मानत नाही. वर प्राथमिक शाळेत पालकांचा नाताळ बाजार, शुक्रवारी संध्याकाळी, केक विकायला उभी राहा, मुलांकडून इंग्लिश गाणं बसवून घे, ते सगळं बारा तासांच्या बाहेरचं आणि फुकट. परत जायची शेवटची बस चुकली म्हणून मी चार किलोमीटर अंधारात चालत आले, तेव्हा एकीनेही गाडीतून सोडते म्हटलं नाही.

त्यातल्या त्यात मुलं चांगली होती. सहावीतल्या एका मुलाने हात वर करून विचारलं, तुमच्या भारतात नोएल असतो का? मी म्हटलं हो, आणि आम्ही त्याला नाताळ म्हणतो, आणि नाताळ आणि नोएल हे दोन्ही शब्द जन्म या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दातून आलेत, तुमच्याकडे फ्रेंचमधून, आमच्याकडे पोर्तुगीजांकडून. अख्खा वर्ग गप्प झाला हो ऐकायला! एकीने ते वहीत लिहून घेतलं. मी फळ्यावर चांदणी काढायला घेतली आणि मागून मॅडमचा आवाज, इंग्लिश, इंग्लिश, वर्कशीट पूर्ण करू या. त्या मुलाचा चेहरा पडला तो मला अजून दिसतो. 2011 च्या जनगणनेत भारतात पावणेतीन कोटींच्या वर ख्रिश्चन आहेत, आणि इंग्लिश भारतात रोज बोलली जाते, मग आमच्याकडचा नाताळ इंग्लिशमध्ये सांगितला तर तो इंग्लिशचा तास कसा नाही? भारतातून असिस्टंट बोलावता ना तुम्ही? मग भारत नको होता तर बोलावलं कशाला?

आता सुट्टीचं ऐका, इथे तर माझं डोकंच फिरतं. 20 डिसेंबरच्या संध्याकाळपासून 6 जानेवारीच्या सकाळपर्यंत सुट्टी. मला खोली दिलीय वसतिगृहाच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. 18 तारखेला ईमेल, सुट्टीत हीटिंग ऑर-जेलवर जाईल. ऑर-जेल म्हणजे पाईपातलं पाणी गोठू नये एवढीच उष्णता, माणसांसाठी नाही ती. कँटीन बंद, स्वयंपाकघराला कुलूप. मी ऑफिसात जाऊन म्हटलं मी इथेच आहे, माझं काय? तर म्हणाले, असिस्टंट लोक सुट्टीत घरी जातात ना. घरी! मुंबईचं तिकीट त्या आठवड्यात माझ्या महिन्याच्या पगारापेक्षा महाग होतं. डब्लिनची असिस्टंट घरी जाते, मी नाही जाऊ शकत, एवढा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. दोन दिवस मागे लागल्यावर एक छोटा इलेक्ट्रिक हीटर मिळाला, तोही सही घेऊन.

आणि शेवटच्या दिवशी प्रत्येक जण विचारतोय, नाताळला काय करतेयस? मी सांगायला तोंड उघडेपर्यंत पुढचा माणूस गालाला गाल लावून सुट्टीच्या शुभेच्छा देऊन गायब. तीन आठवडे मी यांच्या मुलांना नाताळ शिकवला, आणि 24 च्या रात्री मी कुठे असेन हा प्रश्न विचारून उत्तर ऐकायला एकही माणूस थांबला नाही. इथे 24 ची रात्र फक्त घरच्यांची असते, रेव्हेयोंचं जेवण, बाहेरच्याला सहसा बोलवत नाहीत, हे मला माहितीये, समजू शकते मी. पण 26 ला कॉफीला ये, एवढं म्हणता आलं असतं की.

मी ठरवलं निदान मध्यरात्रीच्या मिसाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जाऊ. आम्ही प्रोटेस्टंट, ते चर्च कॅथलिक, पण त्या रात्री मला कशानेच फरक पडणार नव्हता. गावात केवढं जुनं दगडी चर्च आहे. 24 ला दुपारी गेले तर दाराला कागद लावलेला. एकच पाद्री आणि त्याच्याकडे आसपासची कितीतरी गावं, त्यामुळे यंदाची मिसा संध्याकाळी साडेसहाला, अठरा किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात. बस नाही. माझ्याकडे गाडी नाही. ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत, तीन महिने त्यांच्यासोबत काम करून नाहीत.

साडेसातला घरी व्हिडिओ कॉल लावला, आमच्याकडे तेव्हा बारा वाजतात. स्वेटरवर जॅकेट, त्यावर ब्लँकेट, तो हीटर पायाशी. बाबांनी फोन गच्चीवर नेऊन चांदणी दाखवली, यंदा लाल-पांढरी केलीय. मग चर्चची घंटा ऐकू आली आणि आई म्हणाली, अगं तू काय खाल्लंस? मी खोटं बोलले. म्हटलं इथल्या शिक्षकांकडे जेवायला जातेय, गाडी येतेच आहे न्यायला. आईसमोर त्या लोकांची लाज मीच राखली, का राखली मला माहीत नाही, आणि याचा राग तर कुठे काढू तेही कळत नाही.

6 जानेवारीला शाळा उघडली. स्टाफरूममध्ये टेबलावर गालेत नावाचे दोन मोठे केक, सगळे तुकडे वाटून खातायत, कोणाच्या तुकड्यात आत लपवलेली छोटी बाहुली निघते बघतायत, ज्याला निघेल त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट. तीन राजे बाळ येशूला भेटायला आले त्या दिवसाचा केक आहे तो. सरकारी शाळेत, भर स्टाफरूममध्ये. मी काही बोलले नाही, खाल्ला. चांगला होता.

मॅडम तुकडा हातात घेऊनच माझ्याकडे आल्या. सुट्टी कशी गेली विचारलं, बरी गेली म्हणायच्या आत नवी फाईल पुढे केली. 25 जानेवारीला स्कॉटलंडमध्ये कवी बर्न्सचा दिवस असतो, हॅगिस नावाचा मटणाचा पदार्थ, बॅगपाइप, मुलांना खूप मजा येईल, तू घेशील ना?

नाही घेणार. फाईल मी तिथेच टेबलावर ठेवलीय. उद्या पहिल्या तासाला सहावी आहे, मी काड्या, दोरा आणि लाल जिलेटिन पेपर घेऊन जाणार आहे, त्या मुलाला चांदणी दाखवायची राहिलीय.