शेवटचे दहा फूट

रविवारी धरणावर पुन्हा तेच. बोट काठाला येते न येते तोच सगळे उठले, आणि तेही एकाच बाजूला. कुणी लाइफ जॅकेटचं बक्कल सोडतंय, कुणी पोराला कडेवर घेतंय, आणि पुढे बसलेल्या एका दादांनी बोट थोपवायला पाय बाहेर काढलेला. नावाडी ‘बसा हो, बसा’ ओरडतोय, ऐकतंय कोण!

माझ्या उजव्या अनामिकेचं नख आजही वाकडं उगवतं. काही वर्षांपूर्वी मीही असाच मदतीला धावलो होतो. म्हटलं हळूच तर येतेय, हाताने थोपवू. बोटीची कड आणि जेटीचा लोखंडी पाइप, मध्ये माझं बोट. (बोटीत बोट, हा विनोद घरच्यांनी अजून सोडलेला नाही.) हाडाला चीर गेली आणि सूज इतकी, की अंगठी कापून काढावी लागली.

हा ‘हळूच’ फार फसवा. ४०० किलोची फायबर बोट, त्यात सहा माणसं. एवढं वजन माणसाच्या चालीने आलं तरी पाय मोडायला पुरतं. बोटीला ब्रेक नसतो, इंजिन रिव्हर्सला टाकलं तरी ती थोडी पुढे जातेच. धक्क्याला जुने टायर लटकवलेत ते चेपायलाच ना? चेपू द्या त्यांना.

आमचे दाजी दापोलीचे, होडीतच वाढलेले. ते लांबूनच इंजिन मंद करतात आणि आधी वारा बघतात. वारा समोरून घेऊन नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, धक्क्याकडे वळवायची, म्हणजे वाराच ब्रेकचं काम करतो. पाठीमागून घेतलात तर इंजिन बंद करूनही बोट आदळायची. नाहीच जमलं तर वळून पुन्हा यायचं. धक्क्यावरची मंडळी हसतात, दाजींना फरक पडत नाही. दोर आधीच सुटा करून हाताशी ठेवतात, पण पंजाला वेढा कधीच घेत नाहीत. आणि उडी मारणाऱ्यावर तर असे खेकसतात! उडी मारताना आपलाच पाय बोटीला मागे लोटतो, आपण पडतो मधल्या फटीत, आणि इंजिन गिअरमध्ये असेल तर मागे पंखा फिरतच असतो.

समुद्राला भरती-ओहोटी, तसं आपल्या धरणांना आवर्तन, म्हणजे पाळीपाळीने कालव्याला पाणी सोडणं. दसऱ्याला जिथे आरामात पाऊल टाकलं, तिथे मे महिन्यात गाळ आणि वर आलेले खडक. आखूड दोराने बांधून ठेवलेली होडी पाणी उतरलं की एका अंगाला लटकते.

‘आपण कुठे पाण्यातली माणसं’ हे मात्र ऐकवू नका. चांदवडसारख्या दुष्काळी तालुक्यातला दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने होडी वल्हवून आलाय. आपल्याला फक्त दोन मिनिटं बसून राहायचंय, जॅकेट घालून, पाय जमिनीला लागेपर्यंत. पण तिकीट फाडताना हे कुणी सांगत नाही. फोटो कुठून चांगला येतो ते बरोबर सांगतात.

त्या दादांनी पाय आत घेतला म्हणा. अगदी ऐनवेळी, बायकोने शर्ट धरून मागे ओढलं म्हणून. चप्पल तेवढी जेटीखाली गेली. नावाड्याने ती वल्ह्याने काढली, पाणी झटकलं आणि एक शब्द न बोलता त्यांच्या पुढ्यात ठेवली.