‘दोन बोल्टचं काम’ आणि अख्खा दिवस: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

गणपतीची गर्दी ओसरली, आज जरा निवांत बसून आमच्या गॅरेजबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. पण गाव लहान आहे, चार माणसं वाचतात, म्हणून उत्तर देतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. सेल्फ, म्हणजे चावी फिरवली की इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, बदलणं म्हणजे दोन बोल्ट आणि दोन वायरी. व्हिडिओत वीस मिनिटांत होतं, आम्ही मात्र सकाळी साडेदहाला घेतलेली गाडी संध्याकाळी साडेसहाला दिली. तुम्ही ऑनलाइन मागवलेला २,९०० चा सेल्फ बसवला नाही आणि आमचा ४,२०० चा गळ्यात मारला. न विचारता ४५० ची केबल घातली. म्युझिक सिस्टीम बंद पाडली. आमचा पोरगा तुमच्या मुलावर खेकसला. जुना पार्टही परत दिला नाही.

यातल्या दोन-तीन गोष्टींत चूक आमचीच आहे, तिथे मी वाद घालणार नाही. बाकीच्यांत घालणार आहे.

आधी तुम्ही जे लिहिलं नाहीत ते सांगतो. दाभोळहून फेरीबोटीत गाडी चढवलीत, इंजिन बंद केलंत आणि पलीकडे धोपाव्याला उतरायच्या वेळी चावी फिरवली तर नुसतं ‘टक’. मागच्या गाड्या हॉर्न मारतायत, चार जणांनी ढकलून वर काढली, दुसऱ्या गिअरवर धक्क्याने चालू झाली आणि ती तशीच चालू ठेवून तुम्ही आमच्या दारात आलात. बोलता बोलता म्हणालात, “हल्ली स्टार्ट करताना जळकट वास येतो.” हे एक वाक्य रिव्ह्यूत असतं तर वाचणाऱ्याला निम्मं उत्तर तिथेच मिळालं असतं.

सेल्फ गेला हे तुम्ही मुंबईच्या मित्राशी फोनवर बोलून ठरवून आला होतात, नवा पार्ट डिकीत घेऊनच. ‘टक’ वाजलं म्हणजे सेल्फच गेला असं नसतं हो. बॅटरी उतरली तरी टक, टर्मिनल सैल असलं तरी टक. म्हणून आम्ही पाना उचलायच्या आधी मीटर लावला. बॅटरी शांत असताना १२.५ व्होल्ट, म्हणजे ठीक. सेल्फ मारताना १०.४, तेही चालण्यासारखं. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी थेट इंजिनच्या धातूवर धरून पुन्हा सेल्फ मारायला सांगितलं. तिथे दोन-तीन दशांशाच्या वर आकडा जाऊ नये. तुमच्या गाडीत १.३ दिसला. म्हणजे इंजिन ते बॉडी ही जी अर्थची, करंट बॅटरीकडे परत नेणारी, जाड पट्टी असते, ती आतून खलास. वरून काळी, बरी दिसत होती. टोकाशी दाबली तर हिरवा भुगा हातात आला. फेरीच्या रॅम्पवरचं खारं पाणी, समुद्राची हवा आणि वर चार महिने पाऊस, तांब्याचं आमच्याकडे असंच होतं. त्यात गाडी कर्द्याच्या वाळूत नेऊन फिरवली होती, हे तुमच्या मुलानेच सांगितलं.

आता जळकट वासाचं. सेल्फ मारताना शंभर-दीडशे अँपिअर, कधी त्याहूनही जास्त करंट वाहतो. त्याला बॅटरीकडे परतायला वाट लागते. नेमून दिलेली वाट बंद झाली, की तो मिळेल त्या धातूतून जातो. तुमच्या गाडीत तो गिअरच्या केबलमधून जात होता. केबलवरचं प्लास्टिक एका जागी मऊ होऊन फुगलं होतं, मी तुम्हाला टॉर्चच्या उजेडात बोट लावून दाखवलं होतं. आता सांगा, तुमचा आणलेला सेल्फ, किंवा माझाही, त्याच कुजक्या अर्थवर चढवून वीस मिनिटांत गाडी दिली असती तर? नवा सेल्फ जोरात करंट ओढणार, गिअरची केबल आणखी तापणार, आणि तुम्ही रात्री मुलाबाळांसह घाटात. ४५० ची केबल म्हणजे ही नवी अर्थची पट्टी.

पण न विचारता घातली, हे खरं. तुम्ही जेवायला गेला होतात, फोन एकदा लावला, रेंज नव्हती, आणि पाऊस उघडला होता म्हणून आम्ही काम पुढे रेटलं. दुसऱ्यांदा फोन करायला हवा होता. त्या केबलचे ४५० तुम्हाला परत पाठवले आहेत, ज्या नंबरवरून बिल भरलंत त्यावरच. केबल गाडीतच राहू द्या.

मग सेल्फ बदललाच का? कारण जंपरच्या वायरीने इंजिनला तात्पुरती पक्की अर्थ देऊन बघितलं, तरी पाच वेळात दोनदा फिरलाच नाही. काढून उघडला तर कार्बन (मोटरला आत करंट देणारे ब्रश) पार झिजलेले, बेंडिक्स (इंजिनला फिरवणारं सेल्फचं छोटं दातेरी चाक) दांड्यावर जाम आणि नाकाशी वाळूचे कण. दोन्ही गोष्टी गेल्या होत्या. एकच बदलली असती, तर दिवाळीला तुम्ही पुन्हा ढकलगाडी करत आला असतात.

तुमचा ऑनलाइनचा सेल्फ. तो बसवायला माझी ना नव्हती, मजुरी मला दोन्हीकडून तेवढीच. जुना आणि तो बाकड्यावर शेजारी शेजारी ठेवले. बोल्टची भोकं जुळली, वायरीची जागा जुळली. बेंडिक्सचे दात मोजले तर जुन्याला नऊ, तुमच्याला आठ. खोक्यावर गाडीचं नाव बरोबर छापलेलं होतं, पण त्याच गाडीला वेगवेगळ्या वर्षी वेगळे सेल्फ येतात. हा दातांचा फरक चालवून घेतला तर सुरुवातीला फक्त ‘कर्रर्र’ आवाज येतो. पुढे फ्लायव्हीलच्या रिंगचे, म्हणजे बेंडिक्स इंजिनच्या ज्या चाकात अडकतो त्याचे, दात खाल्ले जातात, आणि ती रिंग बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा. १,३०० रुपये वाचवायला जाऊन किती हजारांत पडलं असतं ते तुम्हीच जोडा. तो पार्ट न वापरलेला आहे, परत करा, पैसे मिळतील. योग्य सेल्फ मग चिपळूणहून मागवला, तो दुपारच्या एसटीने आला. तुमचे तीन तास तिथे गेले. ते आमच्या हातात नव्हतं, एसटीच्याही नव्हतं, सणाचा रस्ता होता.

राहिलेला वेळ कुठे गेला तेही सांगतो, कारण ‘दोन बोल्ट’ या शब्दाने जरा लागलं.

गाडी चालू अवस्थेत आली होती. सेल्फच्या बोटभर अंतरावरून सायलेन्सरचा पाइप जातो, तो निवेपर्यंत हात घालायचा नाही, हा आमच्याकडे नियम. मग जॅक. तुमचे मेहुणे म्हणाले, बाजूला जांभ्याचे चिरे पडलेत ते लावा खाली. साहेब, घर बांधायला जांभ्यासारखा दगड नाही, पण गाडीखाली तो कधी फुटेल सांगता येत नाही. फुटताना आवाज करून सूचनाही देत नाही. पावसात अंगण भुसभुशीत असतं, म्हणून गाडी आत कोब्यावर घेतली, मागच्या चाकांना अडण लावली, जॅकने उचलून लोखंडी स्टँडवर बसवली आणि हलवून बघितली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी स्वतः जात नाही, पोरांना जाऊ देत नाही.

म्हणूनच तुमच्या मुलावर ओरडा बसला. तो मोबाइल घेऊन शूटिंग करायला खाली सरपटत होता, गाडी तेव्हा अजून जॅकवर होती. पोरगा ओरडला, “ए, भायेर ये आधी!” सूर चढला होता, मान्य आहे, त्याला समज दिली आहे. पण थांबवलं त्याबद्दल माफी मागणार नाही. तुमच्या जागी मी असतो तर त्याला चहा पाजला असता.

नंतर बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. आधी निगेटिव्ह, नेहमीच. बॅटरीपासून सेल्फपर्यंत जी जाड लाल वायर येते, तिच्यावर बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो. तिचा नट सोडवताना पाना इंजिनला टेकला, की पानाच वेल्डिंगचा रॉड होतो. लोक म्हणतात बारा व्होल्टचा शॉक लागत नाही. लागत नाहीच, भाजतं. माझ्या डाव्या मनगटावर घड्याळाच्या स्टीलच्या पट्ट्याचा छाप आहे, शिकाऊ होतो तेव्हाचा. क्षणभर टेकला असेल. उस्तादाने आधी बादलीत माझा हात बुडवला आणि मग दुसऱ्या हातावर एक फटका दिला. तेव्हापासून आमच्याकडे कामाला लागताना अंगठी, कडं, घड्याळ खिळ्याला. तुम्ही भिंतीवर लटकलेली घड्याळं बघून हसला होतात, ती तीच.

हे निगेटिव्ह काढल्यामुळेच तुमची म्युझिक सिस्टीम कोड मागायला लागली. ती बिघडलेली नाही, चोरी होऊ नये म्हणून तिला तसं कुलूप असतं. कोड गाडीच्या पुस्तिकेत कार्डावर असतो, नसेल तर कंपनीच्या शोरूममध्ये सिस्टीमचा नंबर सांगून मिळतो. पण काढायच्या आधी “कोड आहे ना?” हे विचारणं आमचं काम होतं. विचारलं नाही. परतीचा सगळा रस्ता तुम्हाला गाण्यांशिवाय जावं लागलं, ही दुसरी चूक, माफ करा.

जुना सेल्फ साडेतीन-चार किलोचा ऐवज. खालून काढताना तो एका हाताने पेलून धरावा लागतो. वायरीवर लोंबकळू दिला तर वायर तुटते, सुटला तर थेट तोंडावर. तुमचा वरचा बोल्ट गंजून ॲल्युमिनियमच्या हौसिंगमध्ये बसला होता. पान्याला पाइप लावून जोर केला असता तर पाच मिनिटांत निघाला असता, आट्यांसकट. आम्ही तेल सोडून, थांबून, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे असा काढला. त्यालाच पाऊण तास गेला. कंटाळवाणं काम आहे, व्हिडिओत ते कापतात.

बसवताना जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, कारण सेल्फला अर्थ त्याच्या अंगातूनच मिळते. बोल्ट आधी बोटांनी बसवले, शेवटी टॉर्क पान्याने आवळले. लाल वायरीचा नट जास्त आवळला तर तांब्याचा खिळा आतून फिरतो आणि सोलेनॉइडची (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचची) टोपी तडकते, म्हणून तो हलक्या हाताने, वर रबरी बूट. वायर सायलेन्सरपासून लांब बांधली. निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. हँडब्रेक, न्यूट्रल, एक सेल्फ, लागली. इंजिन आणि बॅटरीच्या मध्ये पुन्हा मीटर धरला: ०.१. हा आकडा तुमच्या बिलाच्या मागे पेनाने लिहिला आहे, बघा.

आणि एक. पुन्हा कधी टक वाजलं तर चावी धरून बसू नका. दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारायचा नाही, मध्ये मिनिटभर थांबायचं. फेरीतून किंवा वाळूतून आलात की गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, साधा पाइप पुरे.

जुना पार्ट आम्ही दाबला नाही. तुम्ही संध्याकाळी घाईत निघालात, त्याच रात्री महाड गाठायचं होतं. तो सेल्फ, कुजलेली अर्थ पट्टी आणि तुमच्या मुलाची एक चप्पल, सगळं पोत्यात घालून माडीवर ठेवलं आहे. शिमग्याला याल तेव्हा घेऊन जा.