मलबार हिलची टाकी दुरुस्तीशिवाय उभी नाही

'इंग्रजांनी बांधलेली हँगिंग गार्डनची टाकी सव्वाशे वर्षांहून जास्त काळ एका पैचीही दुरुस्ती न करता अख्ख्या मुंबईला पाणी पाजते आहे. स्वातंत्र्यानंतर आपण काय केलं?' मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डन बागेखालच्या पाण्याच्या टाकीबद्दलचा हा मजकूर गटागटांतून फिरतो आणि शिकलीसवरलेली माणसंही तो पुढे ढकलतात. मला त्याचा राग येतो, कारण त्यात पाणी खात्यात राबणाऱ्या माणसांची मेहनत पुसली जाते.

अख्खी मुंबई? टाकीत मावतं सुमारे 14 कोटी 70 लाख लिटर आणि शहराला रोज लागतं साडेतीनशे कोटी लिटरांहून जास्त. मलबार हिल, ग्रँट रोड, गिरगाव, फोर्ट, कुलाबा हा या टाकीचा पट्टा. माझगावची भंडारवाडा टाकी वेगळी. बोरिवली-मुलुंडच्या नळाचा तर हिच्याशी संबंधच नाही.

'इंग्रजांनी दिली' म्हणताना पैसा कुणाचा, हेही सांगावं. तो मुंबईकरांच्या करातला होता.

स्वातंत्र्यानंतर काय केलं? मोडक सागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. पहिल्या धरणाला तर पालिकेच्याच अभियंत्याचं नाव आहे. इंग्रजांच्या काळातले विहार आणि तुळशी हे तलाव मिळून आज रोजच्या पाण्यात तीन टक्क्यांच्या आसपास भर घालतात. त्याच काळातला तानसा धरला तरी मोठा वाटा नंतरच्या धरणांचाच. एकट्या भातसातून निम्म्याच्या आसपास पाणी येतं.

राहिली दुरुस्ती. सगळ्यात घातक थाप हीच. टाकी एकसंध नाही, आत पाच कप्पे आहेत. एक रिकामा करून साफ करायचा, तडे आणि गळती बघायची, तोवर बाकीच्यांवर पुरवठा चालू ठेवायचा. कप्पा बंद झाला की चावीवाल्यांना व्हॉल्व्ह कमी-जास्त फिरवून कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी सोडायचं, हे नव्याने बसवावं लागतं. डिसेंबर 2023 मध्ये तज्ज्ञ समिती कप्पे रिकामे करून आत उतरली, तेव्हा पाणीकपात सोसावी लागली ती याच कारणाने.

त्याआधी पालिकेला ही टाकी पाडून नवी बांधायची होती. त्यात डोंगरावरची शेकडो झाडं जाणार होती. रहिवासी उभे राहिले, तज्ज्ञांत मतभेद झाले आणि 2024 मध्ये तो बेत मागे पडला. पाडायची की राखायची यावर एवढा वाद झाला, पण दुरुस्ती लागेल यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. 'हिला कधी हात लावावा लागला नाही' असं मानणारा नागरिक उद्या दुरुस्तीसाठी दोन दिवस पाणी कमी आलं की पालिकेच्या नावाने ओरडणार, आणि काम पुढे ढकललं जाणार.