पगार घेते ना, मग सत्कार कशाला?

आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चालू आहे. गाव अमळनेर तालुक्यातलं. १२ मे, म्हणजे परिचारिका दिन. त्या दिवशी मंडळाच्या कार्यक्रमात जळगावच्या एका आयसीयूतल्या सिस्टरचा सत्कार करावा, असं माझ्या पुतण्याने सुचवलं. त्यावर माझ्याच वर्गातल्या एकाने लिहिलं, ‘पगार घेते ना? मग शाल-श्रीफळ कशाचं? करायचाच तर डॉक्टरसाहेबांचा करा.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरला बसून मी ते वाचलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

पगार डॉक्टरही घेतात. आणि पगाराचंच काढलं आहे तर नीट काढू. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये सांगितलं होतं की, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी हॉस्पिटलातही नर्सला महिन्याला किमान २०,००० रुपये मिळावेत. ग्रुपवर ज्यांच्या लेकी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करून खाजगीत लागल्या आहेत, त्यांनीच सांगावं, तेवढे हातात पडतात का.

ती सिस्टर म्हणजे माझ्या वडिलांना, आप्पांना सांभाळणारी नर्स. जानेवारीत आप्पांना न्यूमोनिया झाला, व्हेंटिलेटर लागला. त्या रात्री तिच्याकडे चार पेशंट होते. इथे व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला एक नर्स असते, म्हणून तो आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत, नळीतला कफ ओढायचा, तोंड आतून पुसायचं, दर तासाला लघवी मोजून लिहायची. हे सगळं चौघांचं. तरी माझा फोन तिने घेतला. इथले रात्रीचे साडेनऊ, तिकडे पहाटेचे तीन.

व्हिडिओवर मला दिसत होतं. आप्पांनी नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात पट्टीने कॉटला बांधलेले होते. तिने उजव्या हाताची पट्टी सोडली, फोन उशीला टेकवून त्यांच्या कानाशी ठेवला आणि तो सुटा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरला. म्हणाली, ‘आप्पा, तुमना पोऱ्याना फोन शे. घाबरू नका, मी आठेच शे.’ ती शिरपूरकडची. आप्पांचे डोळे मिटलेले होते, पण अहिराणी कानावर पडताच त्यांची बोटं हलली. तिच्या हातात हलली.

अशी माणसं ओळखायची रीत इथे आहे, म्हणून मला ते ग्रुपवरचं जास्त लागलं. १९९९ मध्ये अमेरिकेत पॅट्रिक बार्न्स नावाचा तेहतीस वर्षांचा माणूस हॉस्पिटलात वारला. त्याच्या घरच्यांनी नर्सेसचे आभार मानायला डेझी पुरस्कार सुरू केला. आता इथल्या बऱ्याच सरकारी हॉस्पिटलांतही तो देतात. नाव कोण सुचवतं? पेशंट आणि त्याच्या घरचेसुद्धा. बायकोच्या ऑपरेशननंतर मीही वॉर्डातल्या एका नर्ससाठी फॉर्म भरला होता. दहा मिनिटांत झाला.

इथलं सगळंच चांगलं, असं नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या पहिल्या लाटेत दर गुरुवारी रात्री आठला आम्ही दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच नर्सेस पगारासाठी संपावर होत्या. नुसत्या टाळ्यांनी पोट भरत नाही, हे मान्य. पण त्यावरून टाळ्याही नकोत, असं मला वाटत नाही.

मी हे ग्रुपवर टाकलं तर वर्गमित्राचं उत्तर आलं, ‘तिकडे बसून बोलायला काय जातं?’

खरं आहे. तो आठ दिवस त्या आयसीयूच्या दाराबाहेर बाकावर बसला होता, रक्ताच्या बाटलीसाठी रात्री गाडी काढून धावला होता. मी तिथे नव्हतो. माझ्या रजेचं आणि तिकिटाचं जमेपर्यंत आप्पा गेले. त्यांचा हात शेवटी ज्याने धरायचा तो मी, आणि धरला तिने. म्हणून मला तो सत्कार हवा आहे. तिच्यासाठी हवा आहे, आणि माझ्यासाठीही.

दिवस झाल्यावर मी पुतण्याकडून तिला पाकीट पाठवलं होतं. तिने ते घेतलं नाही. त्याला विचारलं, ‘आप्पांचा मोठा मुलगा आला का?’

मंडळ काय ठरवायचं ते ठरवो. मी पत्र लिहायला घेतलं आहे, तिला आणि तिच्या हॉस्पिटललाही. इथल्या नर्सचं नाव, आडनाव, वॉर्ड, सगळं मी त्या फॉर्मवर न अडखळता लिहिलं होतं. या पत्राच्या पहिल्याच ओळीत अडलो. आठ दिवस मी तिला फोनवर ‘सिस्टर, सिस्टर’च म्हणत होतो. आत्ता पुतण्याला मेसेज केला आहे, तिचं पूर्ण नाव विचारून कळव. तिकडे अजून उजाडायचं आहे.