बेटावर बेडूक, म्हणून बेट खंडाला जोडलेलं होतं? हे गणित कुठे चुकतं

‘बेडकाला खारं पाणी सोसत नाही. म्हणून बेटावर बेडूक दिसला की ते बेट कधीतरी खंडाला जोडलेलं होतं, नाहीतर माणसाने तो नेला,’ असं विधान नेहमी फिरत असतं.

खाऱ्या पाण्याचं बरंचसं खरं. बेडकाची ओलसर त्वचा समुद्रात झपाट्याने पाणी गमावते, अंडी तर बहुतेक जातींची तगतच नाहीत. महासागरी, म्हणजे खंडाला कधीच न जोडलेल्या बेटांवर बेडूक आढळत नाहीत, असं डार्विननेही 1859 मध्ये नोंदवलं होतं. पण तराफ्यावरच्या बेडकाला पोहायचं नसतं. पुरात नदीकाठ मुळं-मातीसकट तुटून तराफ्यासारखा वाहतो. मोठ्या नद्यांचं गोडं पाणी हलकं असल्याने समुद्रावर थर धरून दूरवर पसरतं. आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात काँगो आणि नायजर हेच करतात. तिथल्या साओ तोमे या ज्वालामुखीय बेटावर चक्क देवगांडूळ, म्हणजे बेडकाचा बिनपायांचा उभयचर नातेवाईक आहे.

‘तरंगत आलेलं कुणी पाहिलंय?’ हो. 1995 च्या चक्रीवादळांनंतर किमान 15 हिरवे इग्वाना (मोठे सरडे) ओंडक्यांवरून कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला बेटाला लागले. अर्थात इग्वानाची कातडी खवल्यांची. त्यावरून बेडकाचं सिद्ध होत नाही.

बेडकासाठी हिंदी महासागरातलं मायोट पाहावं. हे बेट समुद्रतळातून ज्वालामुखीने वर आलं, कशालाच जोडलेलं नव्हतं. तरी तिथे दोन प्रदेशनिष्ठ (फक्त तिथेच आढळणारे) बेडूक आहेत, बूफिस नॉटिकस आणि ब्लॉमर्सिया ट्रान्समरिना. त्यांचे सगेसोयरे सुमारे 300 किमीवरच्या मादागास्करमध्ये.

मग ‘माणसाने नेले’ याचं काय? काही ठिकाणी खरंच नेलेत, पण ते तपासता येतं. अलीकडे आणलेल्यांचा डीएनए मूळ ठिकाणच्या बेडकांशी जवळपास तंतोतंत जुळतो. मायोटचा फरक त्याहून कितीतरी मोठा आहे. फसगत होते ती नमुन्यांत: खंडावरून एकाच जागचे नमुने घेतले तर मूळ ठिकाण हुकतं आणि आणलेला बेडूकही ‘प्रदेशनिष्ठ’ भासतो. ऊतीचा तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा. फॉर्मलिनमध्ये डीएनए खराब होतो. 16एस हे मायटोकॉन्ड्रियातलं जनुक जात ओळखायला पुरतं, वंश कधी वेगळे झाले तो काळ काढायला पेशीकेंद्रातली अनेक जनुकंही हवीत.

‘डीएनएचं घड्याळ (डीएनएतल्या फरकावरून काढलेला काळ) सांगतं, दोन वंशांचा फाटा बेटाहून जुना, म्हणजे जमिनीचा पूल होताच.’ इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. फाटा फुटला तो काळ आणि प्राणी बेटावर पोचला तो काळ एक नव्हे. खंडावरचे जवळचे नातेवाईक नामशेष झाले असतील, तर फाटा कृत्रिमरीत्या जुना दिसतो. शिवाय बेटाच्या वयावरूनच घड्याळ लावलं असेल, तर त्याच घड्याळाने बेटाचं वय पडताळणं म्हणजे फिरून तिथेच येणं.

खंड फुटल्याने वेगळे पडलेले बेडूकही आहेतच. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरच्या सूग्लॉसिड या बेडूक-कुळाचा जवळचा नातेवाईक, नासिकाबॅट्रॅकस हा बेडूक, पश्चिम घाटात आहे. पण त्याच सेशेल्समधला वृक्षबेडूक, टॅकिक्नेमिस, मादागास्करच्या वंशातला, समुद्र ओलांडून आलेला.