म्हशीच्या दुधाचं फॅट मोजतो, माणसाचं मेटाबॉलिझम कोण मोजणार?

माझं माहेर करवीर तालुक्यातलं. लहानपणी पहाटे आईबरोबर दूध संस्थेत जायचे. किटली रिकामी झाली की चमचाभर नमुना मशीनला लागायचा आणि पावतीवर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, उमटायचं. फॅट नेहमीपेक्षा कमी दिसलं की आई जागची हलायची नाही. "परत लावा बघू," म्हणायची, आणि ते परत लावायचे. आमच्या दोन म्हशींच्या गोठ्याला ते मशीन आयुष्यात परवडलं नसतं. संस्थेचं होतं, म्हणून आमचंही होतं.

आता सोळा वर्षं कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय. स्थूलपणाचे रुग्ण रोज समोर बसतात. त्यांचं शरीर नुसतं पडून असताना किती ऊर्जा खर्च करतं, हे मी मोजत नाही. वजन, उंची, वय सूत्रात घालते आणि येईल तो आकडा धरते. यातलं हॅरिस-बेनेडिक्ट सूत्र 1919 सालचं, अमेरिकेतल्या 136 पुरुष आणि 103 स्त्रियांवरून बांधलेलं. आपल्याकडच्या माणसाला ते कितपत लागू पडतं, हे मोजल्याशिवाय कसं कळणार? 2004 मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. वजन-उंचीवर विसंबून राहिलं की असं फसायला होतं.

गेल्या महिन्यात एक माजी पैलवान आले होते. वय 44, वजन 118 किलो. ऐन उमेदीत गंगावेशच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध, वर बदाम, तूप असा खुराक. गुडघा गेला, कुस्ती सुटली. म्हणाले, "मॅडम, दोन वर्षं झाली, दूधसुद्धा बंद हाय. घरातली म्हणत्यात, चोरून खातोय." बोलताना मान खाली. त्या 118 किलोत स्नायू किती आणि चरबी किती, हे माझ्या सूत्राला कळत नाही. त्यांचा मेटाबॉलिझम खरंच मंदावलाय, की खाण्याचा अंदाज चुकतोय? दोन्ही शक्य आहे. अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतले 14 स्पर्धक सहा वर्षांनी पुन्हा तपासले, तर विश्रांतीतला त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 किलोकॅलरींनी कमी निघाला. 2016 चा अभ्यास आहे हा. उलट, आपण किती खातो ते माणसं प्रामाणिकपणे पण बरंच कमी सांगतात, हेही मोजूनच सिद्ध झालंय. मोजल्याशिवाय कुणालाही खोटं ठरवायचा अधिकार आपल्याला नाही.

विश्रांतीतला हा ऊर्जाखर्च मोजायची तपासणी तशी साधी असते. रात्रभर उपाशी पोट, सकाळी शांत पडून राहायचं, तोंडावर पारदर्शक हूड, अर्धा तास. झोप लागू द्यायची नाही. किती ऑक्सिजन आत गेला, किती कार्बन डायऑक्साइड बाहेर आला, ते यंत्र मोजतं. एक लिटर ऑक्सिजन वापरला म्हणजे जवळपास 5 किलोकॅलरी खर्च झाल्या. बाहेर आलेल्या कार्बन डायऑक्साइडला वापरलेल्या ऑक्सिजननं भागून येणारं गुणोत्तर 0.7 च्या आसपास असेल तर शरीर मुख्यतः चरबी जाळतंय, 1 च्या जवळ असेल तर कर्बोदकं.

असं यंत्र मी एका संस्थेत पाहिलंय. अभ्यासासाठी वेळ मागायला गेले होते. यंत्रावर प्लास्टिकचं आवरण, आवरणावर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे यंत्र बरोबर मोजतंय ना ते ताडून बघायच्या गॅसचा सिलिंडर रिकामा, चालवणारा मुलगा नोकरी सोडून गेलेला. आणि उत्तर काय, तर "बाहेरच्यांना देत नाही." त्या दिवशी मला रडू यायचं बाकी होतं.

म्हणून म्हणते, यंत्र एका विभागाच्या कपाटात नको, सामायिक प्रयोगशाळेत हवं. अमेरिकेतल्या स्थूलता संशोधन केंद्रांत अशा सामायिक सेवा असतात. यंत्र एका जागी, कायम पगारी तंत्रज्ञ, ठरलेलं शुल्क, आणि नंबर लावून कुणीही यावं. आपल्याला हे नवीन आहे का? शिवाजी विद्यापीठात सामायिक उपकरण केंद्र आहेच. रसायनशास्त्राची, भौतिकशास्त्राची मुलं नमुने घेऊन येतात, शुल्क भरतात, रिपोर्ट नेतात. माणसाच्या चयापचयासाठी तशी सोय मागितली तर काय चुकलं?

सगळंच इथं हवं, असाही हट्ट नाही. ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-18, म्हणजे हायड्रोजन-ऑक्सिजनचे जड प्रकार, घातलेलं पाणी पाजून पुढचे दोन आठवडे लघवीचे नमुने घ्यायचे, ही रोजच्या जगण्यातला एकूण खर्च मोजायची सगळ्यात चांगली रीत. त्याचं विश्लेषण करणारं यंत्र फार महाग आणि पाणीही महाग. नमुने इथं घेऊन गोठवावेत आणि बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी पाठवावेत. पण हूडचं यंत्र, अंगातली चरबी आणि स्नायू वेगवेगळे मोजणारं एक डेक्सा यंत्र आणि दोन पक्के तंत्रज्ञ इथंच हवेत. माझा जोर तंत्रज्ञावर जास्त आहे. यंत्राला देणगी मिळते, पगाराला मिळत नाही, आणि धूळ तिथूनच साचायला लागते.

विद्यापीठाला द्यायचा अर्ज लिहून झालाय. दोन डॉक्टर, फिजिऑलॉजीच्या एक बाई, तालमीतले एक वस्ताद आणि माझ्या तीन विद्यार्थिनी यांच्या सह्या झाल्यात. परवा पैलवान फेरतपासणीला आले, तेव्हा कागद टेबलावरच होता. वाचला, पेन मागितलं, सही केली आणि म्हणाले, "यंत्र आलं की पयला नंबर माझा लावा."